अंगणाच्या मापाचं झाड

1893 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी आपल्या संस्थानातल्या बागा सांभाळायला एका जर्मन उद्यानतज्ज्ञाला बोलावून घेतलं. गुस्ताव हेरमान क्रुम्बिगल हे त्यांचं नाव. ड्रेस्डेनजवळच्या लोहमेन गावात 1865 साली जन्मलेले, लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले क्रुम्बिगल हिंदुस्थानात आले तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. पंधराएक वर्षं त्यांनी मराठी राजाच्या चाकरीत काढली आणि 1908 साली म्हैसूर संस्थानात येऊन बेंगळुरूच्या लालबागेची सूत्रं हाती घेतली. 1932 साली निवृत्त झाल्यावरही ते मायदेशी परतले नाहीत. 1956 साली याच शहरात वारले. लालबागेला लागून त्यांच्या नावाचा रस्ता आहे. बेंगळुरूत मराठी माणूस शहाजीराजांच्या जहागिरीपासून नांदतो आहे, पण इथले रस्ते ज्यांच्या हातून फुलले त्यांना या देशात आणलं ते सयाजीरावांनी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

या पुस्तकाची सुरुवात क्रुम्बिगलांपासून करतो आहे त्याला कारण आहे. दारापुढे काहीतरी वेगळं झाड असावं, चारचौघांकडे नसेल असं, ही हौस या शहरात जुनी आहे. हैदर अलीने 1760 साली लालबाग आखली, टिपूने ती वाढवली, 1856 साली ती सरकारी वनस्पती उद्यान झाली, आणि त्यानंतर क्यूहून आलेले विल्यम न्यू, जॉन कॅमेरॉन आणि मग क्रुम्बिगल यांनी दुनियाभरची रोपं तिथे आणून रुळवली. क्रुम्बिगलांनी त्यात आपल्या विचाराची भर घातली. रस्त्यांवर अशी झाडं लावायची, की एकाचा बहर ओसरता ओसरता दुसऱ्याचा सुरू व्हावा, आणि वर्षभर शहरात कुठे ना कुठे फुलं असावीत. आजही जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी टॅबेबुया फुलतो, त्याच्या पाठोपाठ पिवळा, मार्चमध्ये नीलमोहर, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर आणि सोनमोहर, आणि पाऊस सरल्यावर बुचाची पांढरी फुलं पहाटे रस्त्यावर सांडलेली असतात. पुढे 1980च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी सुमारे 15 लाख झाडं या शहरात लावली, तीही याच वाटेने.

आता ही झाडं आली कुठून ते पाहा. गुलमोहर मादागास्करचा. नीलमोहर बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचा. पिचकारीचं झाड, म्हणजे स्पॅथोडिया, आफ्रिकेचं. रेन ट्री आणि टॅबेबुया मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. सगळे उष्ण मुलखातले. तिथे काही महिने पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष कोरडं जातं, आणि कोरड्या दिवसांत पानं गाळून फुलण्याची यांतल्या बहुतेक झाडांना सवय आहे. क्रुम्बिगल स्वतः स्प्रूस आणि पाइनच्या रानांतून आलेले, पण आपल्या गावचं झाड त्यांनी बेंगळुरूच्या रस्त्यावर आणून लावलं नाही. झाडाला इथली हवा मानवेल का, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि रूप नंतर पाहिलं. या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या क्रमात आहे: आधी हवा, मग जागा, आणि रूप सर्वांत शेवटी.

हे एवढं ठासून सांगावं लागतं, कारण बेंगळुरूची हवा फसवी आहे. पुण्या-मुंबईहून इथे आलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि तो ठरवून टाकतो की हे थंड हवेचं ठिकाण, इथे उटीसारखी झाडं येतील. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे, हे खरं. पण ते 13 अंश अक्षांशावर आहे, विषुववृत्ताच्या बरंच जवळ. त्यामुळे इथे बारा महिने गारवा आहे, हिवाळा मात्र नाही. पुणं बेंगळुरूपेक्षा साडेतीनशे मीटर खाली, तरी जानेवारीतल्या पुण्याच्या रात्री इथल्यापेक्षा तीन-चार अंशांनी थंड असतात. बेंगळुरूत आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते 1884च्या जानेवारीत, 7.8 अंश. त्यानंतर पारा तिथवर उतरलेला नाही. चढायला मात्र तो चढला. 2016च्या एप्रिलमध्ये 39.2 अंशांपर्यंत गेला.

याचा झाडांशी काय संबंध, हे समजून घ्यायला ठेंगण्या सूचीपर्णी झाडांइतकं चांगलं उदाहरण नाही. परदेशी मासिकांत आणि मोबाइलवर त्यांचे फोटो आपण पाहतो. निळसर, सोनेरी, गडद हिरवे, गुडघ्याएवढे शंकू आणि चेंडू, शेजारी दगड, खाली खडी. मन वेधून घेतील अशीच ती असतात. आणि जागा थोडी असलेल्याला तर वाटतंच, की झाड हवं तर असं.

ही ठेंगणी झाडं जन्मतात कशी, ते ऐकण्यासारखं आहे. कधी रानातल्या एखाद्या मोठ्या पाइन किंवा स्प्रूसच्या एकाच फांदीवर बारीक काटक्यांचा दाट झुबका येतो. त्या झुबक्यातली वाढ मूळ झाडाच्या मानाने अगदी मंद असते. जाणता माळी तिथली काडी काढून दुसऱ्या खुंटावर कलम करतो, आणि त्या कलमाचं झाड जन्मभर ठेंगणं राहतं. कधी हजारो रोपांत एखादं मुळातच खुरटं निघतं. कॅनडातला ठेंगणा अल्बर्टा स्प्रूस आज जगभर विकला जातो. 1904 साली अमेरिकेतल्या आर्नल्ड उद्यानाच्या आल्फ्रेड रेडर आणि जे. जी. जॅक या दोन वनस्पतीतज्ज्ञांना तो रॉकी पर्वतातल्या लॅगन या ठिकाणी सापडला. रानातला मूळ पांढरा स्प्रूस 25-30 मीटर जातो, आणि त्याचा हा वंशज वर्षाला जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर वाढतो. त्याला एक खोडही आहे: अधूनमधून एखादा कोंब मूळ वंशावर जातो, भराभर वर चढतो, आणि वेळीच बुडातून कापला नाही तर सगळं झाड बळकावतो. अमेरिकेतली कॉनिफर सोसायटी अशा झाडांची प्रतवारी वर्षाच्या वाढीवरून करते. वर्षाला एक ते सहा इंच वाढणारं ते ठेंगणं, एका इंचाच्या आत राहणारं ते अतिठेंगणं.

पण या मंद वाढीमागे त्यांच्या मुलखातलं थंडीचं चक्र आहे. शरद ऋतूत कळ्या मिटतात, झाड झोपी जातं, आणि ठरावीक काळ कडाक्याची थंडी अंगावरून गेल्याशिवाय त्या कळ्या नीट उमलत नाहीत. बेंगळुरूत ती थंडी येतच नाही. शिवाय रात्र पुरेशी गार नसली, की दिवसा पानांनी कमावलेलं अन्न झाड रात्रीच्या श्वसनातच खर्चून टाकतं. पहिल्या वर्षी रोप ताजंतवानं दिसतं, कारण ते मागची शिल्लक खात असतं. दुसऱ्या वर्षी नवी पालवी अर्धवट फुटते. तिसऱ्या उन्हाळ्यात ते मान टाकतं. स्प्रूस, फर आणि उत्तरेकडचे बहुतेक ठेंगणे पाइन बेंगळुरूत लावू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. खत, औषध, सावली, काहीही करून हिवाळा आणता येत नाही.

मग नर्सरीत दर डिसेंबरात सूचीपर्णी झाडं मांडलेली असतात ती कसली? तिथे जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. रोप लहान दिसतं त्याची कारणं तीन असू शकतात. ते जातीचंच ठेंगणं असेल, किंवा कुंडीने आणि कात्रीने त्याला आवरून धरलं असेल, किंवा ते नुसतंच पोर असेल. विकणारा तिन्हींना एकच नाव देतो, आणि घेणाऱ्याला तिन्ही सारखीच गोड दिसतात. अंगणातली निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

लिंबाचा वास येणारं पोपटी-सोनेरी गोल्डक्रेस्ट घ्या. ते मॉन्टेरी सायप्रसची निवडलेली जात आहे. मूळ झाड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरीजवळच्या दोनच रायांमध्ये निसर्गतः उगवतं, थंड समुद्राच्या धुक्यात. ते ठेंगणं नाही. मानवेल अशा हवेत कित्येक मीटर उंच जातं. बेंगळुरूत ते डिसेंबरात घरी येतं, फेब्रुवारीपर्यंत दिमाखात राहतं, आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात आतून तपकिरी पडायला लागतं. बहुतेक सूचीपर्णी झाडांचा हा स्वभाव आहे, की एकदा फांदी पानांवाचून उघडी पडली की त्या जुन्या लाकडातून पुन्हा पालवी फुटत नाही. आंबा छाटला तर फुटतो, जास्वंद फुटते. सायप्रसचं तसं नाही. म्हणून त्याला वाटेल तसं कापू नये, आणि वाळलं म्हणून खत ओतत बसू नये.

अरौकारियाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण बेंगळुरूच्या नजरेत तेच ‘ख्रिसमस ट्री’. मजल्या-मजल्याने पसरलेल्या आडव्या फांद्या, मधोमध सरळ शेंडा, आणि कुंडीत दोन-तीन फुटांचं असताना त्याच्याइतकं नेटकं झाड दुसरं नसेल. नर्सरीत त्याला नॉरफोक पाइन म्हणतात, पण त्या नावाखाली विकलं जाणारं झाड बहुतेकदा कुक पाइन असतं. त्याचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं न्यू कॅलिडोनिया. 1774 साली कॅप्टन कुकचं जहाज त्या बेटांजवळून जात असताना दूरवर उंच काळपट आकृत्या दिसल्या, आणि ते दगडी खांब की झाडं, यावर जहाजावर वाद झाला. खांब वाटावेत एवढी ती उंच होती. पूर्ण वाढलेलं झाड 60 मीटरपर्यंत जातं. बेंगळुरूतल्या जुन्या बंगल्यांच्या मागून त्यांचे शेंडे आजही वर डोकावतात. लालबागेत 1961 साली इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांनी याच जातीचं रोप लावलं होतं.

या झाडाच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे ते झुकतं, आणि जगात कुठेही वाढवलं तरी बहुधा विषुववृत्ताकडेच झुकतं. पाच खंडांतली 256 झाडं मोजून 2017 साली संशोधकांनी हे दाखवलं: उत्तर गोलार्धातली बहुतेक झाडं दक्षिणेकडे कललेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे, सरासरी साडेआठ अंशांनी, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर तितका कल जास्त. दुसरी गोष्ट बागकाम करणाऱ्याच्या उपयोगाची. अरौकारियाच्या फांदीला आपण शेंडा नव्हे, फांदी आहोत, हे जन्मभर लक्षात राहतं. आडव्या फांदीची काडी लावली आणि तिला मुळं फुटली, तरी ते रोप आडवंच वाढत जातं. सरळ उभं राहत नाही. सरळ झाड हवं असेल तर ते बियापासून किंवा शेंड्याच्या काडीपासूनच केलेलं हवं. रोप घेताना मधला शेंडा एकच आणि शाबूत आहे का, ते म्हणूनच बघायचं. शेंडा तुटलेलं अरौकारिया पुन्हा त्या रूपाला येत नाही.

एवढं सुंदर झाड, पण 30 बाय 40 फुटांच्या साइटवर जमिनीत लावायचं ते नव्हे. इथे कुंडीतून उतरवून फाटकाशेजारी लावलेलं अरौकारिया काही वर्षांत वीजतारांपर्यंत पोचतं, मग कोणीतरी वरून छाटतं, आणि उरतो तो एक दुःखी खांब. मोठं आवार असेल, शाळा असेल, देवळाची मोकळी जागा असेल, तर जरूर लावा, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने लावा. नाहीतर ते कुंडीतच ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी मुळं थोडी कापून माती बदला. आणि झाड हाताबाहेर गेलं की ज्याच्याकडे जागा आहे त्याला देऊन टाका.

आता बेंगळुरूत खरोखर टिकणारी सूचीपर्णी झाडं. पहिला मान मोरपंखीचा. आपल्याकडच्या मुलांनी तिची पानं ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवली, म्हणून तिला कोणी वेगळं म्हणत नाही, पण तिच्या ठेंगण्या सोनेरी जातीइतकं भरवशाचं ठेंगणं सूचीपर्णी झाड या शहराला दुसरं नाही. मूळची उत्तर चीन आणि कोरियाची. तिथले उन्हाळेही कडक असतात, म्हणून ती दख्खनचं ऊन सोसते. एक डहाळी हातात घेऊन पाहा. पानं म्हणजे एकमेकांवर दाबून बसवलेले बारीक खवले असतात. सगळी डहाळी एका पातळीत चपटी, आणि पोथीची पानं उभी धरावीत तशी जमिनीशी काटकोनात उभी. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या. अमेरिकेतल्या खऱ्या थुजाची डहाळी अशी उभी राहत नाही, आडवी पसरते आणि तिची खालची बाजू फिकट असते. नर्सरीत दोघींना थुजाच म्हणतात, पण टिकायची ती मोरपंखी. तिची कच्ची फळं निळसर, मेणचट, आणि प्रत्येक खवल्याला टोकाशी एक वाकडं शिंग. सोनेरी जातीला दिवसभराचं ऊन हवं. सावलीत ती नुसती हिरवी होते आणि आतून विरळ पडते. पसरट सोनेरी झुडूप माणसाच्या उंचीला यायला बरीच वर्षं घेतं. कात्रीची गरजच पडत नाही, आणि मला वाटतं यातच तिचं मोठेपण आहे.

ज्युनिपरमधले चिनी आणि जपानी प्रकार उघड्या गच्चीवर, पाणी न तुंबणाऱ्या मातीत जगतात. बोन्साय करणारी मंडळी त्यांच्यावर जीव टाकतात ते उगाच नाही. त्यांचे शत्रू दोन. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या पावसात ओली राहिलेली मुळं, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमधला लाल कोळी. हा कोळी डोळ्यांना सहजी दिसत नाही. पांढरा कागद डहाळीखाली धरून डहाळी दोनदा झटका. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले, तर रोग ओळखला. लगेच पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या आतल्या बाजूने मारायचा, आणि आठवडाभराने पुन्हा. औषधापर्यंत जायची पाळी सहसा येत नाही.

पोडोकार्पसकडे लोकांचं लक्षच जात नाही. लांबट, गडद, चिवट पानं. सावली चालते, छाटणी चालते, आणि इतर सूचीपर्णींसारखा तो जुन्या लाकडातून फुटायला नकार देत नाही. उत्तरेकडच्या भिंतीलगत, जिथे ऊन कमी, तिथे याच्याइतकं चांगलं झाड मला माहीत नाही. त्याचाच एक नातेवाईक नागेया वॉलिचियाना. निलगिरी, अगस्त्यमलै या डोंगरांतल्या ओल्या जंगलात वाढणारं हे झाड दक्षिण भारतातलं एकमेव मूळचं सूचीपर्णी, आणि त्याची पानं मात्र रुंद, मधली शीर नसलेली, एकमेकींना समांतर जाणाऱ्या बारीक शिरांची. ते पाहायला घाटात जावं. रानातून उपटून आणलेलं रोप कोणी देऊ केलं तर घेऊ नये.

सूचीपर्णींवर इतकं लिहिलं, तरी माझा खरा ओढा दुसरीकडे आहे. बेंगळुरूच्या अंगणाला शोभणारं वेगळं झाड आपण परदेशी फोटोंत शोधतो, आणि ते दख्खनच्या खडकांवर, सह्याद्रीच्या उतारावर आधीच उभं असतं. काळा कुडा घ्या. चन्नपट्टणची रंगीत लाकडी खेळणी ज्या मऊ पांढऱ्या लाकडाची होतात, ते हे झाड. कन्नडमध्ये त्याला आले म्हणतात. उंची बेताची, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि मग लांब शेंगांच्या जोड्या. दोन्ही शेंगा देठाशी वेगळ्या होतात आणि खाली टोकाशी पुन्हा एकमेकींना चिकटलेल्या असतात. खताची मागणी नाही, पाण्याचे लाड नाहीत. आणि एवढं असून बहुतेक नर्सऱ्यांत ते मिळत नाही, कारण कोणी मागत नाही.

सोनसावर, म्हणजे गणेर, हीही त्याच पंगतीतली. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसलेल्या फांद्यांवर तळव्याएवढी झळझळीत पिवळी फुलं. खडकाळ, निचऱ्याची, कोरडी जागा द्या. पाणी साचलं की ती कुजते. सीता अशोकाचं नेमकं उलट: त्याला अर्धसावली आणि ओल हवी, वाढ अगदी सावकाश, आणि जून फांद्यांवरच फुटणारे केशरी-लाल गेंद. त्याची कोवळी पानं आधी तांबूस आणि लुळी लोंबतात, जणू झाड सुकलं आहे, आणि मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. नवख्या माणसाने ते पाहून जास्तीचं पाणी घालू नये. नर्सरीत नुसतं ‘अशोक’ म्हटलं तर सरळसोट वाढणारा खोटा अशोक हातात येतो, तेव्हा सीता अशोक असंच मागावं. व्हेनेझुएलाकडची ब्राउनिया त्याच कुळातली, पालवीचं तेच लुळेपण, आणि पानांच्या आड लोंबणारे लाल फुलांचे मोठे चेंडू. ती फुलं पाहायला झाडाखाली उभं राहावं लागतं. अगदी अरुंद जागेत पिवळा कांचन. ज्याला घाई नाही त्याने ग्वायाकम लावावं. पाण्यात बुडण्याइतकं जड लाकूड, निळी फुलं, गोल दाट माथा, आणि वाढ इतकी मंद की ते खऱ्या अर्थाने अंगणाच्या मापात राहतं. ठेंगण्या सूचीपर्णींची हौस असणाऱ्याला उष्ण प्रदेशात मिळेल असं ते उत्तर आहे.

मापाबद्दल इतका आग्रह का, ते मे महिन्यात इथे राहिलेल्याला सांगायला नको. वळवाच्या पहिल्या वादळात दर वर्षी या शहरात झाडं कोसळतात. गुलमोहर, सोनमोहर, स्पॅथोडिया ही ठिसूळ लाकडाची, वर पसरणारी मंडळी त्यात पुढे असतात. क्रुम्बिगलांनी त्यांना रुंद रस्ते आणि मोठी आवारं दिली होती. आपण त्यांना चार फुटांची पट्टी देतो, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाया. दोष झाडाचा नाही. आणि एकदा झाड मोठं झालं, की आपल्याच आवारातलं असलं तरी 1976च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय सहसा ते तोडता येत नाही. कायदा योग्यच आहे. विचार लावताना करायचा, तोडताना नव्हे.

रोप विकत घेण्याबद्दल पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे, पण दोन-तीन गोष्टी इथेच सांगतो. लालबागेच्या पूर्वेला सिद्धापुरात नर्सऱ्यांची जुनी वस्ती आहे; घरटी पिढ्यान्पिढ्यांचं ज्ञान आहे. तिथे सकाळी जावं, घाई नसताना. सर्वांत उंच, सर्वांत फुललेलं रोप घेऊ नये. कुंडी आडवी करून रोप थोडं बाहेर ओढावं आणि मुळं पाहावीत. ती कुंडीच्या कडेने गोल गोल फिरलेली असतील, तर ते रोप जमिनीत गेल्यावरही तसेच वेढे घालत राहील आणि वाऱ्यात उभं राहणार नाही. सूचीपर्णी असेल तर आतल्या बाजूच्या फांद्या हाताने उघडून तपकिरी किती ते बघा. आणि शास्त्रीय नाव विचारा. माळ्याला ठाऊक नसलं तर आपण शोधून त्याला सांगा. पुढच्या गिऱ्हाइकाचं भलं होईल.

लावण्याचा हंगामही आपल्या सवयीपेक्षा थोडा वेगळा. महाराष्ट्रात मृगाच्या पावसावर झाड लावायचं हे आपल्या रक्तात आहे. बेंगळुरूत पाऊस मेपासूनच वळवाने सुरू होतो आणि सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. वर्षाचा एकूण पाऊस 970 मिलिमीटरच्या आसपास, पण तो सहा महिन्यांत वाटलेला. म्हणून पानझडीची देशी झाडं मेअखेर ते जुलै लावावीत, म्हणजे त्यांना लांबलचक ओल मिळते. आणि मोरपंखी, ज्युनिपरसारखी ओल्या मुळांना भिणारी झाडं परतीचा पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरात. इथली तांबडी माती निचऱ्याला बरी, पण नव्या घराभोवती बहुधा बांधकामाचा राडारोडाच मातीच्या नावाखाली दडपलेला असतो. खड्डा खणताना सिमेंटचे तुकडे निघाले तर ते सगळे काढा, दोन फूट खोल काढा, आणि मगच शेणखत-माती भरा. या एका कामात केलेली कसूर पुढे कशानेही भरून निघत नाही.

पुस्तकाची पुढची प्रकरणं जागेप्रमाणे मांडली आहेत: गच्ची, अरुंद पट्टी, उत्तरेची सावली, उघडं पश्चिमेचं ऊन, आणि ज्यांच्या नशिबी मोठं आवार आहे त्यांच्यासाठी शेवटचं. प्रत्येक झाडापुढे त्याचं मराठी नाव, कन्नड नाव, शास्त्रीय नाव, मूळ मुलूख आणि वीस वर्षांनंतरचा अंदाजे विस्तार दिला आहे. वीस वर्षं यासाठी, की तेवढ्या काळात घर तेच राहतं आणि झाड मात्र खरं रूप दाखवतं. कन्नड नावं मुद्दाम दिली आहेत. इथल्या माळ्याशी त्याच्या भाषेत बोललं, झाडाला त्याच्या नावाने हाक मारली, की तो मागच्या वाफ्यातलं रोप काढून देतो, हा इथे राहिलेल्या कितीतरी मराठी घरांचा अनुभव आहे. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा, मुत्तुग म्हणजे पळस, होंगे म्हणजे करंज. फार वेळ लागत नाही शिकायला.

वाचकांकडे एकच मागणं आहे. या पुस्तकातलं एखादं झाड मनात भरलं, तर लगेच नर्सरीत जाऊ नका. आधी लालबागेत किंवा कब्बन पार्कात जाऊन त्या जातीचं पूर्ण वाढलेलं झाड शोधा. लालबागेत कित्येक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, आणि नसली तर तिथले माळी सांगतात. त्याच्या खाली उभे राहा, सावली किती दूर जाते ती पावलांनी मोजा, आणि घरी येऊन तेवढीच पावलं आपल्या अंगणात टाकून पाहा. ती मावली, तर खुशाल लावा. आणि नर्सरीत गेलात की काळा कुडा आहे का, हे एकदा तरी विचारा. दहा जणांनी विचारलं तर पुढच्या वर्षी तो ठेवतील.